अबिगेलची पत्रं आणि आमिनाचा पासपोर्ट

ओमानमधल्या सीब शहरात एका खाजगी दवाखान्यात प्रमिला रामटेके बावीस वर्षं औषधांच्या खिडकीमागे उभी होती, आणि डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. डॉक्टर इजिप्तचा असो, सुदानचा असो की केरळचा, त्याने घाईघाईत कागदावर काहीही खरडलं तरी प्रमिला ते एका नजरेत वाचून नेमकी बाटली काढायची. एकदा तर एका डॉक्टरनेच फोन करून विचारलं होतं, “सिस्टर, सकाळी मी त्या पेशंटला काय लिहून दिलं?” पुढे चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर येऊ लागल्या. गुडघ्यांनीही कुरकुर सुरू केली होती. छप्पन्नाव्या वर्षी प्रमिलाने नोकरी सोडली आणि तिसऱ्याच महिन्यात घर तिला खायला उठलं.

नवरा भानुदास एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर, सकाळी सहालाच घराबाहेर. मुलगी मैथिली शिकायला कॅनडात. आईची चिडचिड तिला फोनवरून कळली तेव्हा तिने एक लिंक पाठवली. अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाकडे गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या माणसांची हजारो पत्रं होती, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची. त्यांचे फोटो काढून ग्रंथालयाने ते सगळ्यांसाठी खुले केले होते आणि विनंती केली होती, की ज्याला जमेल त्याने घरबसल्या ती वाचून टाइप करून द्यावीत. “आई, हे काम तुझ्यासाठीच काढलंय बघ,” मैथिली म्हणाली.

पहिल्याच पत्राने प्रमिलाचा घाम काढला. लिहिणारीने कागद आधी आडवा भरला होता आणि मग तोच कागद वळवून त्याच ओळींवरून उभ्या ओळी लिहिल्या होत्या. टपाल महाग आणि कागदागणिक, म्हणून एका कागदात दोन कागदांचा मजकूर. चटईच्या विणीसारखं दिसत होतं सगळं. प्रमिलाने आधी नुसत्या आडव्या ओळी वाचल्या, मग मान कलती करून उभ्या. भानुदास घरी आला तेव्हा सकाळची पोळीभाजी तशीच झाकलेली होती.

“जेवली नाहीस?”

“अहो, या बाईला चर्चमध्ये सूचना देऊ देत नाहीत,” प्रमिला म्हणाली.

“कोणत्या बाईला?”

“अबिगेलला.”

अबिगेल टर्नर मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात घरी बसून बूट शिवायची. बिनलग्नाची, म्हाताऱ्या बापाला सांभाळणारी. गावातल्या पंधरा-वीस बायकांनी गुलामगिरीविरुद्ध एक मंडळ काढलं होतं आणि त्याची हालहवाल अबिगेल बोस्टनच्या मोठ्या मंडळाच्या चिटणीसबाईंना कळवायची. पाद्रीबुवांनी त्यांच्या सभेची सूचना चर्चमध्ये वाचायला नकार दिला होता. बायकांनी असल्या भानगडीत पडू नये, म्हणे. त्या दारोदार फिरून सरकारकडे पाठवायच्या अर्जावर सह्या गोळा करत. एका दुकानदाराने अबिगेलच्या अंगावर कुत्रा सोडला होता. ‘कुत्रा भला निघाला, मला हुंगून परत गेला,’ तिने लिहिलं होतं. ‘मालकाला मात्र माणसाचा वास ओळखता येत नाही.’

त्या वाक्यावर प्रमिला एकटीच मोठ्याने हसली. पण पुढच्या पत्रांत हसण्यासारखं फारसं नव्हतं. सह्यांचे ते ताव राजधानीत पोहोचले की सभागृहात न वाचताच बाजूला ठेवायचे, असा ठराव तिथल्या प्रतिनिधींनी केला होता. न वाचताच! प्रमिला खुर्चीतून उठून बाल्कनीत गेली आणि परत आली. एकेका सहीसाठी त्या बायका बर्फ तुडवत गेल्या होत्या आणि त्या शहाण्यांना ताव उलगडायचेही कष्ट नकोत.

भानुदासला या सगळ्याची गंमत वाटायची. “दोनशे वर्षांपूर्वी झालं ते. तू आत्ता कशाला बीपी वाढवतेस?” तो म्हणायचा.

मार्च महिन्यात अबिगेलचं एक पत्र आलं, म्हणजे प्रमिलाच्या वाट्याला आलं. अबिगेलची मामेबहीण सुझन लग्न करून दक्षिणेत जॉर्जियाला गेली होती. तिच्या घरी डायना नावाची गुलाम बाई होती. अबिगेलने सुझनला खडसावून लिहिलं असावं, कारण सुझनचं उत्तर तिने चिटणीसबाईंसाठी जसंच्या तसं उतरवलं होतं. ‘तुम्हा उत्तरेकडच्या लोकांना काही कळत नाही. डायना आमच्या घरचीच आहे. मुलं तिच्याच हातून जेवतात. ती आजारी पडली तेव्हा मी स्वतः तिच्या उशाशी बसले. उद्या दार उघडं ठेवलं तरी ती जाणार नाही.’ त्याखाली अबिगेलने आपण काय कळवलं ते लिहिलं होतं. ‘मी सुझनला एवढंच लिहिलं, की मग एकदा दार उघडून बघ.’

हे पत्र प्रमिलाने बुधवारी टाइप केलं. शुक्रवारी सकाळी ती चौथ्या मजल्यावर किशोरी गद्रेंकडे गेली. मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनाची बैठक होती. किशोरी मंडळाची कार्यवाह, पुण्याची, उत्साही आणि हाताने सढळ. तिचा नवरा धनंजय भानुदासच्याच कंपनीत होता, वरच्या हुद्द्यावर. साबुदाण्याची खिचडी घेऊन आमिना बाहेर आली.

आमिना तीन वर्षांपासून या घरात होती. कडप्पाकडची, चाळिशीची, कपाळाशी ओढणी घट्ट आवळलेली. प्रमिलाने तिच्या हातचा चहा पन्नासदा तरी प्यायला असेल.

बश्या मांडून झाल्यावर आमिना किशोरीजवळ घुटमळली. “मॅडम, बेटी कू नववा महीना लगा. मैं बोली थी ना आपकू.”

“हां हां, देखेंगे. चिन्मय का बोर्ड होने दो,” मुलाच्या परीक्षेकडे बोट दाखवत किशोरी म्हणाली आणि बैठकीकडे वळून हसली. “मागच्या वर्षी आई आजारी, या वर्षी मुलगी बाळंत. हिचं काही ना काही चालूच असतं.”

“तीन वर्षांत एकदाही गेली नाही ना ती?” प्रमिलाने विचारलं.

“अहो प्रमिलाताई, तिलाच जायचं नसतं हो. इथे काय कमी आहे? घरच्यासारखीच आहे ती. मागे ताप आला तेव्हा मी स्वतः तिच्या खोलीत पेज नेऊन दिली. उद्या सोडलं तरी जायची नाही.”

प्रमिलाच्या हातातला चमचा थांबला. हेच शब्द तिने परवा टाइप केले होते, स्वल्पविराम बघून, एकेक अक्षर लावून. बोलणं पुढे सरकलं, नाटुकलं कुणी बसवायचं, निवेदन कुणाकडे. प्रमिलाला काही ऐकू येईना. बशी ठेवायच्या निमित्ताने ती उठून आत गेली.

आमिना ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. तिने स्टीलचा ग्लास विसळून उपडा घातला, इतर ग्लासांपासून लांब, खिडकीत. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

ठिपका पाहून प्रमिलाला लहानपण आठवलं. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला तिची आई मास्तरांच्या घरी अंगण झाडायला जायची तेव्हा आठ वर्षांची प्रमिला बरोबर असायची. तिथे बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप होता. मास्तरीणबाई स्वभावाने चांगल्या होत्या, सणाला पोळीसुद्धा द्यायच्या. पण चहा त्याच कपात, आणि कप धुवायचा आईनेच. शेजारच्या बाई कुणी आल्या की मास्तरीणबाई म्हणायच्या, “वच्छला आमच्या घरचीच आहे.” आणि वच्छला अंगणात उकिडवी बसून मान हलवायची.

“आमिना, पासपोर्ट किधर है तुम्हारा?” प्रमिलाने विचारलं.

आमिनाने दाराकडे पाहिलं. “लॉकर में. पहले दिन साब लिये. सँभाल के रखते बोले.”

“मांगा नहीं?”

“दो बार मांगी. मॅडम रोने लगी. बोली, हमारे ऊपर भरोसा नहीं क्या.” आमिना प्रमिलाला ताईच्या अर्थाने बाजी म्हणायची. “उनो रोते तो मैं क्या करूं, बाजी?”

प्रमिलाची कानशिलं तापली. बाकीच्या बायका निघून जाईपर्यंत ती थांबली आणि मग तिने किशोरीला सरळच विचारलं. “किशोरी, आमिनाचा पासपोर्ट तुमच्याकडे का?”

“सेफ्टीसाठी हो. हरवला म्हणजे?”

“माझा माझ्याकडे आहे, तुझा तुझ्याकडे. आपले हरवतात का? आणि दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही.”

किशोरीचा चेहरा पडला, मग लाल झाला. “तुम्ही मला कायदा शिकवणार? आम्ही तिला मारतो का? उपाशी ठेवतो का? लोकांकडे बघा जरा काय काय चालतं ते.”

“उद्या सोडलं तरी जायची नाही म्हणालीस ना? मग दे तिच्या हातात आणि बघ.”

“तुम्ही ती पत्रं वाचायला लागल्यापासून तुम्हाला सगळीकडे गुलामच दिसायला लागलेत,” किशोरी म्हणाली आणि तिने दाराची कडी काढली.

घरी येऊन प्रमिलाने हे सांगितलं तेव्हा भानुदासने कपाळाला हात लावला. “धनंजयसाहेब माझे वरिष्ठ आहेत, प्रमिला. मला अजून दीड वर्ष काढायचंय. परक्या देशात राहतो आपण. आणि हे काही तसलं नाही, तुझ्या अबिगेलच्या काळचं. ती पगारावर आहे.”

“नसेल तसलं. मी कुठे म्हणते तसलंच आहे? पण सबबी त्याच आहेत. शब्दाला शब्द त्याच. दोनशे वर्षांत नवी सबबसुद्धा शोधावीशी वाटली नाही या लोकांना!”

तरीही पुढे दोन आठवडे प्रमिलाने काहीच केलं नाही. भानुदासची नोकरी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तेवढ्यात आमिनाच्या मुलीला मुलगा झाला. जिन्यात भेटली तेव्हा आमिनाने तडा गेलेल्या फोनवर फोटो दाखवला. बाळ कमी वजनाचं होतं, काचेच्या पेटीत होतं आणि मुलीचा ताप उतरत नव्हता. “रो-रो के बुलाती मेरेकू,” आमिना म्हणाली. किशोरीने अजून तारीख दिलेली नव्हती. चिन्मयची बोर्डाची परीक्षा संपली होती, आता क्रिकेटचं शिबिर होतं.

क्रिकेटचं शिबिर! प्रमिलाला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिने तिथेच आमिनाचा हात धरला. “शुक्रवारी तुला दोन तास सुट्टी असते ना? खाली ये माझ्याकडे. आपण लिहू,” ती मराठीतच बोलून गेली आणि मग हिंदीत पुन्हा सांगितलं.

शुक्रवारी दुपारी आमिना आली. भारतीय दूतावासात महिन्यातून एकदा कुणालाही गाऱ्हाणं घेऊन जाता यायचं. तिथे द्यायचा अर्ज तयार करायचा होता. प्रमिलाने आदल्या दिवशीच एक मसुदा लिहून ठेवला होता. चांगला दोन पानी, जळजळीत, स्वतःवर खूश होऊन लिहिलेला. तिने तो वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला आमिनाने हात वर केला.

“गुलाम कायकू लिखे?”

“म्हणजे, तुमको ऐसे रखा है कि...”

“मैं गुलाम नहीं है, बाजी. मैं काम करती. मेरा काम अच्छा है. उनो मेरा पासपोर्ट रखे, वो गलत. वोईच लिखो.” तिचा आवाज चढला होता. “मेरी बेटी ये कागज देखी तो क्या सोचेंगी? अम्मा गुलाम थी?”

प्रमिला ओशाळली. एवढी पत्रं वाचली, आणि शेवटी स्वतःच दुसऱ्या बाईच्या तोंडी आपले शब्द कोंबत होती. तिने दोन्ही पानं फाडली. “तू सांग, मी लिहिते.”

आमिनाने सांगितलं ते पाऊण पानात मावलं. मी या घरात तीन वर्षं दोन महिने काम केलं. माझ्या कामाबद्दल तक्रार नाही. माझा पासपोर्ट माझ्या मालकांनी पहिल्या दिवशी घेतला. मी दोनदा मागितला, मिळाला नाही. माझी मुलगी बाळंतपणात आजारी आहे, मला तिच्याकडे जायचं आहे. पासपोर्ट माझा आहे, तो मला द्यावा. प्रमिलाने वाचून दाखवलं. आमिनाने पुन्हा वाचायला लावलं. मग तेलुगूत सावकाश सही केली, आणि दुसऱ्या प्रतीवरही.

“दूसरा किसकू?” प्रमिलाने विचारलं. तिलाही आता आमिनाची बोली चिकटली होती.

“मॅडम कू. चोरी से नहीं जाती मैं.”

प्रमिला म्हणाली, नको, धोका आहे, आधी दूतावासात जाऊ. आमिनाने ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी गद्रे चहाला बसले असताना तिने तो कागद बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला आणि सांगितलं, की हीच चिठ्ठी घेऊन ती पुढच्या शुक्रवारी दूतावासात जाणार आहे, खालच्या बाजी सोबत येणार आहेत.

पंधराव्या मिनिटाला धनंजय गद्रे रामटेक्यांच्या दारात होता. भानुदासने दार उघडलं.

“रामटेके, तुमच्या मिसेसना आवरा. आमच्या घरातल्या बाईला फितवतात. मंडळात आमची अब्रू घालवायची आहे का तुम्हाला?”

भानुदासने मागे वळून पाहिलं. प्रमिलाला वाटलं, आता हा ‘सॉरी सर’ म्हणणार. तो सगळ्यांना सॉरी म्हणायचा, लिफ्टला उशीर झाला तरी म्हणायचा.

“सर,” भानुदास घसा साफ करून म्हणाला, “ते पत्र मी वाचलं. त्यात खोटं काय आहे तेवढं सांगा.”

“तुम्हाला महागात पडेल हे,” एवढंच बोलून धनंजय वळला.

दूतावासात जायची वेळच आली नाही. मंगळवारी सकाळी धनंजयने पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर टाकला, हातात नाही, टेबलावर, आणि गुरुवारचं तिकीट त्यावर ठेवलं. परत येण्याची गरज नाही, असं किशोरीने सांगितलं. आमिना निघाली तेव्हा किशोरीने तिची बॅग उघडून तपासली. प्रमिला तेव्हा दारातच उभी होती. बॅगेत बाळासाठी विकत घेतलेली चार झबली, खजुरांचा डबा आणि कपडे. किशोरीने झबलीसुद्धा झटकून पाहिली.

“घरच्या माणसांच्या बॅगा तू अशाच बघतेस का गं?” प्रमिला ओरडली. जिन्यात वरखाली दारं उघडली. आमिनाने मात्र एकेक झबलं पुन्हा नीट घडी घालून ठेवलं, सावकाश, किशोरीला उभं ठेवून. मग ओढणी सारखी केली आणि निघाली.

पुढे जे व्हायचं ते झालं. मंडळाच्या ग्रुपमधून प्रमिलाचं नाव निघालं. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या शाळेत शिकवणारी सुचित्रा, पंधरा वर्षांची मैत्रीण, फोनवर म्हणाली, “तुझं म्हणणं बरोबर असेल गं, पण पद्धत चुकली.” प्रमिलाने विचारलं, “बरोबर पद्धत कोणती ते तरी सांग, तीन वर्षांत तुम्हा कुणाला सापडली होती का?” सुचित्राने फोन ठेवला. भानुदासची बदली वाळवंटातल्या एका साइटवर झाली. आठवड्यातून एकदा घरी, बाकी दिवस कंटेनरमधल्या खोलीत. तो कुरकुरायचा, पण त्या संध्याकाळबद्दल त्याने कधी पश्चात्तापाचा शब्द काढला नाही. घरी आला, की विचारायचा, “तुझी ती बूटवाली काय म्हणते?”

अबिगेलची पत्रं एका वर्षापाशी तुटली होती. पुढे तिचं काय झालं ते कुठे सापडलं नाही. प्रमिलाने बोस्टनच्या दुसऱ्या बायकांची पत्रं घेतली आणि काम चालू ठेवलं.

आमिनाची मुलगी बरी झाली, बाळानेही वजन धरलं. नऊ महिन्यांनी आमिना दुसऱ्या व्हिसावर ओमानला परतली, निझवाला, एका ओमानी शिक्षिकेच्या घरी. फोनवर तिने सांगितलं, पासपोर्ट तिच्याच पेटीत आहे आणि शुक्रवारी पूर्ण सुट्टी. भानुदास घरी होता त्या शुक्रवारी दोघं गाडी काढून निझवाला गेले.

आमिना बाजाराजवळ भेटली, दोन मैत्रिणींबरोबर. अंगाने भरली होती. तिने नातवाचे फोटो दाखवले, भानुदासला हलवा खायला घातला, प्रमिलाच्या गुडघ्यांची चौकशी केली. प्रमिलाला आतून फार बरं वाटत होतं. निघताना ती म्हणाली, “आमिना, मेरेको बहुत खुशी हुई. मैंने कुछ ज्यादा किया नहीं, पर...”

“हौ, किये ना तुम,” आमिना म्हणाली. मग तिने प्रमिलाकडे सरळ पाहिलं. “एक बात पूछूं? बुरा नक्को मानो. तीन साल तुम वो घर में आते थे. मेरे हाथ की चाय पीते थे. वो गिलास खिडकी में रोज रहता था. तीन साल कायकू नहीं पूछे, बाजी?”

आमिनाने थोडा वेळ वाट पाहिली, रागाने नव्हे, पण सोडूनही न देता. मग मैत्रिणींनी हाक मारली आणि ती त्यांच्याबरोबर बाजारात शिरली.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना उघडे तपकिरी डोंगर होते. भानुदासने विचारलं, “शेवटी काय म्हणाली ती?”

प्रमिलाने त्याला तो प्रश्न शब्दाला शब्द सांगितला, एकही शब्द मवाळ न करता.

“हा प्रश्न मलाही विचारायला हवा होता तिने,” भानुदास म्हणाला.